चुकीचा सांधा

१४ नोव्हेंबर १९९६

ही वही मी हौसेनं घेतलेली नाही. डॉक्टर पांड्यांनी घ्यायला लावली. दिवसातून किती वेळा लघवीला जावं लागतं, रात्री किती वेळा उठावं लागतं, धार अडते का, हे सगळं लिहून आणा म्हणाले. जे लिहून ठेवावं लागतं ते मुळात आलेलंच नसतं, असं मी चाळीस वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो. अख्खी संहिता तोंडात ठेवणाऱ्या वैदिकानं वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी लघवीची वही ठेवावी, ही माझी प्रगती.

आज दिवसा अकरा.

मुद्दाम इथं काशीतच लहुराबीरच्या खाजगी डॉक्टरकडे गेलो. विद्यापीठाचा मोठा दवाखाना जवळ पडला असता, पण तिथल्याच एका प्रयोगशाळेत माझी मृणालिनी नोकरी करते. असल्या जागेचं दुखणं मुलीला कसं सांगणार? तिची आई असती तर गोष्ट वेगळी होती, पण ती जाऊन सहा वर्षं झाली. शिवाय शिवरात्रीला अहिल्याबाई घाटावर महारुद्र आहे. यजमान इंदूरचे, आचार्य मी. दुखणेकरी आचार्य कुणालाच नको असतो.

कंपाउंडरनं नाव विचारलं तेव्हा बाकावर आमच्या गल्लीतला दूधवाला बसलेला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, दत्तात्रेय टोके. हेच नाव का यावं कोण जाणे. त्या माणसाशी नऊ वर्षं माझं बोलणं नाही. पण एकदा पर्चीवर चढलं ते चढलं.

१९ नोव्हेंबर

दिवसा बारा, रात्री पाच. धार अडते.

डॉक्टरांनी बोटानं तपासलं. त्याबद्दल अधिक लिहिणार नाही. हातमोजा काढताना ते एकदम गप्प झाले, आणि बोलका डॉक्टर गप्प झाला की समजावं. प्रोस्टेट नावाची गाठ कडक लागते म्हणाले. सुई घालून तुकडे काढायचे, रक्त दिल्लीला पाठवायचं, कंबरेच्या हाडांचे फोटो काढायचे.

एक छापील कागद पुढे केला. तुकड्यांपैकी थोडा भाग संशोधनासाठी जाईल, हरकत नाही ना? नाव, वय, घरी कोणती भाषा, धंदा, सही. वय खरं लिहिलं, भाषा खरी लिहिली. धंदा 'पाठ' लिहिला. सही मात्र टोक्यांची ठोकली. खोटी सही आयुष्यात पहिल्यांदा केली आणि ती इतकी झोकदार आली की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

२९ नोव्हेंबर

परवा तुकडे काढले. मृणालिनीला सांगितलं होतं, गंगेपलीकडे रामनगरला एका घरी पाठ आहे. घरी परतलो तेव्हा धड बसवत नव्हतं. ती म्हणाली, नावेतली फळी टोचली असेल. मी म्हणालो, हो, फळीच. लघवीत रक्त आहे. चार दिवस राहील असं डॉक्टरांनी सांगितलेलंच आहे.

४ डिसेंबर

आज जेवताना भलताच विषय निघाला.

मृणालिनी जेवताना आपल्या कामाचं बोलते आणि मी हूं हूं करतो, हा आमचा परिपाठ. बत्तीस वर्षांची झाली, लग्नाचा विषय आता घरात निघत नाही, मग बोलायला उरतं काय? तिचं काम म्हणजे पेशी वाढवायच्या, काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतली गुणसूत्रं मोजायची. आजपर्यंत रक्ताच्या कॅन्सरचं चाललं होतं. आता म्हणे तिनं प्रोस्टेटच्या गाठींचं हाती घेतलंय. शहरातले चार-पाच सर्जन तिला तुकडे पाठवतात. त्यांत लहुराबीरचे डॉक्टर पांडे.

"बाबा, मजा म्हणजे एक पेशंट आपल्यातला निघाला. दत्तात्रेय टोके म्हणून. वय त्रेसष्ट."

मी पाणी प्यायलो. दत्तूकाका तर पन्नाशीचे, तीच पुढे म्हणाली, म्हणजे हे कुणी दुसरे टोके असणार. मी म्हणालो, असतील, इंदूर-ग्वाल्हेरकडून लोक येत असतात. ती वाटीत आमटी वाढत राहिली. थोडी आमटी ताटात सांडली. दमते बिचारी.

ज्याला चुकवायचं त्याच्याच दारात माझा तुकडा मी स्वतः नेऊन दिला. मुलगी भोळी म्हणून निभावलं.

१० डिसेंबर

निकाल आला. आज आकडे लिहीत नाही.

कॅन्सर आहे. कंबरेच्या हाडात दोन ठिकाणी पोचलाय. गाठ काढून आता उपयोग नाही. पांडे सभ्य माणूस, खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात बोलले. हा रोग पुरुषाच्या शरीरात तयार होणाऱ्या रसावर पोसला जातो. तो रस तोडला तर रोग बसतो, कित्येक वर्षं बसतो. रस तोडायचा म्हणजे दोन्ही वृषण काढून टाकायचे. गोळ्या आहेत, पण माझ्या हृदयाला त्या चालायच्या नाहीत. महिन्याच्या महिन्याला घ्यायची इंजेक्शनं आहेत, ती आपल्यासारख्यांनी ऐकून सोडून द्यायची.

"पंद्रह मिनट का काम है पंडितजी. तीसरे दिन घर. किसी को पता भी नहीं चलेगा."

कसं नाही कळणार? मला तर ठाऊक असेल.

इथं स्वच्छ लिहून ठेवतो, म्हणजे माझं मला दिसेल. यज्ञात वर्णी लागणारा ब्राह्मण अव्यंग असावा लागतो, त्याचा कुठलाही अवयव कमी असता कामा नये. हा नियम जुनाच, पण काशीतल्या आमच्या महाराष्ट्रीय वैदिकांच्या सभेत त्याला धार लावली ती मी. सत्त्याऐंशी साली. दत्तात्रेय टोके माझाच विद्यार्थी, माझ्याकडेच संथा घेतलेला. तसा गळा त्या पिढीत दुसरा नव्हता. गाईसाठी चारा कापताना यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सभेत प्रश्न आला, आता याला यज्ञात बसवायचं की नाही. चार जण म्हणत होते की बोटांनी काय बिघडतं, पाठ तर तोंडानं करायचा. मी उठलो आणि पाऊण तास बोललो. आमच्या शाखेत स्वर हातानंही दाखवतात, ज्याची बोटं नाहीत त्याचा स्वर अपुरा, आणि आज दोन बोटांना सूट दिली तर उद्या कशाकशाला द्याल? असं बरंच काही. निर्णय माझ्याच अक्षरात सभेच्या वहीत आहे. शिवाय प्रत्येक यज्ञाआधी आचार्यानं लेखी ग्वाही द्यायची की मी आणि माझे सर्व ऋत्विज अव्यंग आहोत, ही पद्धतही माझीच.

तेव्हापासून दत्तात्रेय संकठा घाटाजवळच्या एका धर्मशाळेत उतरणाऱ्यांची नावं लिहितो.

म्हणजे शस्त्रक्रिया करून घेतली तर मला यज्ञात बसता येत नाही. करून लपवली तर ग्वाही खोटी. नाही केली तर हाडं. तिन्हीकडची दारं मीच लावून घेतलेली.

१६ डिसेंबर

दिवसा तेरा. रात्रीचं मोजलं नाही.

थंडी फार. मृणालिनीनं माझ्या खोलीत नवी जाड गादी आणून टाकली. गोदौलियाच्या बाजारात सूट लागली होती म्हणे. मोरीकडे जाणाऱ्या वाटेवरचा दिवा रात्रभर चालू ठेवायला लागलीये. विजेची नासाडी म्हणून मी ओरडलो, तर म्हणाली, मलाच अंधारात भीती वाटते. बत्तीस वर्षांची बाई.

आज मीच विषय काढला. सहज विचारतो असं दाखवून विचारलं, त्या गाठींमध्ये तू नेमकं शोधतेस काय? कधी नव्हे ते मी विचारलं म्हणून ती इतकी खूश झाली की ताट बाजूला सारून पाटावर डाळीचे दाणे मांडायला लागली.

माणसाच्या प्रत्येक पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं. त्यांच्यावर ओळीनं जनुकं, प्रत्येकाचं काम ठरलेलं. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये असं सापडलंय की दोन गुणसूत्रं तुटतात आणि एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला जातो. सांधा जिथं बसतो तिथं एका जनुकाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड मिळून तिसरंच काहीतरी तयार होतं. ते थांबायचं विसरतं आणि पेशी वाढतच सुटते. प्रोस्टेटमध्ये असा एखादा सांधा आहे का, हे तिला बघायचंय. तिचे सर म्हणतात, ही भानगड रक्तातच जास्त. असल्या गाठींत ती शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

मी विचारलं, मग दिसलं का काही?

"अजून नाही. त्या टोक्यांच्या पेशी मात्र छान वाढल्यात, बाबा. रोज बघते मी त्यांच्याकडे."

मी उठून हात धुतले. आपल्या शरीराचा तुकडा आपली मुलगी रोज डोळ्याला लावून बघते आणि तिला ठाऊक नाही, ही काय अवस्था आहे. मला रडू आलं. थंडीनं नाक गळतंय म्हणून सांगितलं.

२६ डिसेंबर

काल संकठा घाटावर मंत्रजागर होता. वैदिक जमतात, पाळीपाळीनं एकेक जण आपला पाठ म्हणतो, मग भोजन. माझी पाळी शेवटी. चाळीस वर्षांत मी चुकलेलो नाही, हे मीच नव्हे, लोक सांगतात.

काल चुकलो. आमच्या एका अध्यायात चार शब्द दोन ठिकाणी येतात, एकदा आधी आणि मग सात कंडिकांनंतर, म्हणजे मंत्रांच्या सात खंडांनंतर, पुन्हा. विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी बजावतात की इथं सांभाळ. कमरेत कळ आली, मी त्या चार शब्दांपाशी पोचलो आणि पहिल्या जागेवरून थेट दुसऱ्या जागेवर गेलो. मधल्या सात कंडिका गेल्या. स्वर बरोबर, हात बरोबर, सांधा इतका बेमालूम की मला स्वतःला शेवटाला आल्यावर कळलं.

कुणाच्या लक्षात आलं नाही. विश्वेश्वरभट माना डोलावत होते. बाकीच्यांचं लक्ष पानांकडे, वरणभाताचा वास सुटलेला. वाहवा झाली.

फक्त मागे खांबाला टेकून दत्तात्रेय उभा होता. तो येतो नेहमी, मागेच उभा राहतो, पंक्तीला थांबत नाही. त्या जागेला त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नजर हटवली नाही. शेवटी नमस्कार करून निघून गेला. त्यानं चारचौघांत म्हणायला हवं होतं, गुरुजी, सात कंडिका राहिल्या. त्याच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं.

२९ डिसेंबर

तीन दिवस कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. शेवटी मृणालिनीला सांगितलं. दुखण्याचं नव्हे, चुकीचं. ती हसून सोडून देईल असं वाटलं होतं. पण तिनं पुन्हापुन्हा विचारलं. नेमकं कुठून कुठे गेलात? ऐकणाऱ्यांना का कळलं नाही?

मी म्हणालो, कळणार कसं? एका अध्यायातून भलत्याच अध्यायात उडी मारली तर वाटेवरचा माणूससुद्धा थांबवेल. चाल बदलते, विषय बदलतो. पण त्याच अध्यायात, जवळच्या जवळ सरकलं, तर सगळं तेच वाटतं. आधीच्याची सुरुवात रोजच्या जोरात निघते आणि त्याच जोरात पुढच्याचं शेपूट ओढून आणते. मधलं गेलं ते कुणालाच ऐकू येत नाही. ज्यानं तो भाग रोज शब्दन् शब्द मोजलाय त्यालाच समजतं.

तिनं आपली वही काढली. मग म्हणाली, आम्ही सगळे एका गुणसूत्रावरून दुसऱ्यावर गेलेल्या उड्या शोधतोय, कारण त्याच दिसतात. एकाच गुणसूत्रावर जवळच्या जवळ काही सरकलं असेल, मधला तुकडा गळला असेल, तर माझ्या सूक्ष्मदर्शकाला ते गुणसूत्र अगदी शहाण्यासारखं दिसणार.

मी म्हणालो, मग दुसरं यंत्र आण. ती म्हणाली, ते यंत्र अजून आपल्याकडे यायचंय. पण वहीत तिनं लिहून घेतलं, तारीख घातली आणि शेजारी लिहिलं, 'बाबांचा तर्क'. मला हसू आलं. आमच्या घरी आता दोघंही वह्या ठेवतात.

कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं आज. नंतर पाय उचलताना डावा जड लागला.

५ जानेवारी १९९७

डॉक्टर रागावले. महिना होत आला, तुम्ही फिरकत नाही. रोग कण्याकडे सरकलाय, डावा पाय त्याचमुळे जड. अजून वाट पाहिलीत तर एक दिवस पाय उचलणारच नाहीत आणि मग शस्त्रक्रिया करूनही ते परत मिळतील याची खात्री नाही.

मी विचारलं, शिवरात्रीनंतर? सात मार्चला शिवरात्र.

"तब तक आप चलकर नहीं आएँगे."

घरी इंदूरहून पत्र आलेलं. ऋत्विजांची यादी आणि नेहमीची अव्यंगतेची ग्वाही वीस तारखेपर्यंत पाठवावी, आपल्यासारखे आचार्य लाभले हे आमचं भाग्य वगैरे. पत्र दोनदा वाचलं. त्यात माझंच वाक्य होतं, जसंच्या तसं.

९ जानेवारी

मृणालिनी आज जेवताना भाताशी चाळा करत म्हणाली, तो टोके नावाचा पेशंट ऑपरेशनला येतच नाहीये. पांडे डॉक्टर काळजीत आहेत. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला सगळी मराठी घरं माहीत. कुठं भेटले तर त्यांना निरोप द्याल? सांगा की त्यांच्या घरच्यांना ते हवेत. उठता-बसता येणारे हवेत, बाकी काही कमी असलं तरी चालेल."

मी म्हणालो, भेटले तर सांगतो. तिला परक्या माणसाची इतकी माया. आईवर गेलीये. डोळे पुसत होती ती, मी विचारलं तर म्हणाली, मिरची लागली. भाताला मिरची कुठली?

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ द्यायला धाकट्यांनी मोठ्यांकडे जायचं असतं. आज मी धाकट्याकडे गेलो. काठी घेऊन, धर्मशाळेच्या पायऱ्या मोजून चढलो. दत्तात्रेय टेबलामागे बसलेला. मला पाहून उठला, पाया पडला, खुर्ची दिली. मी वडी पुढे केली. त्यानं उजवा हात पुढे केला, तीन बोटांचा, आणि वडी घेतली. तो हात मी नऊ वर्षांत इतक्या जवळून पाहिला नव्हता.

मी त्याला सगळं सांगितलं. रोग, कंबर, काय काढणार आहेत ते. माणसाला मुलीला सांगवत नाही आणि ज्याचं नुकसान केलं त्याला सांगता येतं, हे कसलं तंत्र? शेवटी म्हणालो, महारुद्राला तू आचार्य हो. मी सभेला सांगतो.

तो बराच वेळ धर्मशाळेच्या रजिस्टरातलं धूळ नसलेलं पान पुसत राहिला.

"गुरुजी, तुमची जागा रिकामी झाली म्हणून मला नको. सत्त्याऐंशीचा निर्णय चुकला होता असं वाटत असेल तर तेवढं सभेत म्हणा. मग आचार्य कुणीही होवो."

मी विचारलं, मंत्रजागरात तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, "तुम्हाला दुखत होतं. चेहऱ्यावर दिसत होतं." बस, एवढंच. निघताना त्यानं विचारलं, "मृणालिनी बरी आहे ना? डिसेंबरात येऊन गेली होती, तब्येतीची चौकशी करत होती माझ्या, काही तपासणी केलीत का म्हणून. नाही म्हणालो तर इथंच पायरीवर बसून राहिली बराच वेळ."

तिचं दत्तूकाकांवर लहानपणापासून प्रेम. तिनं येणं साहजिक आहे.

१८ जानेवारी

सभा झाली. मी उभा राहिलो, म्हणजे काठीवर राहिलो. म्हणालो की सत्त्याऐंशी साली मी नियम सांगितला तो पोथीतला होता, पण लावला तो मत्सरानं. दत्तात्रेयाचा गळा माझ्यापेक्षा सरस होता आणि मला ते सहन होत नव्हतं. हे वाक्य मी घरून ठरवून नेलेलं नव्हतं. बोलून गेल्यावर मला कळलं की ते खरं आहे. मग माझ्या शस्त्रक्रियेचंही सांगितलं, जे आहे ते नाव घेऊन. सगळे खाली बघायला लागले.

विश्वेश्वरभटांनी सभेची वही मागवली. पान काढून माझ्यापुढे धरलं. "वेणीमाधवा, हे अक्षर तुझंच ना?" मी म्हणालो, माझंच. मग त्यांनी ते सगळं मोठ्यानं वाचलं. आज दोन बोटांना सूट दिली तर उद्या कशाकशाला द्याल. उत्तम लिहिलंय, आजही खोडता येत नाही. मी प्रयत्न केला, पाऊण तास नाही, पण वीस मिनिटं बोललो. मलाच मी हरवू शकलो नाही.

निर्णय असा की नियम राहील. दत्तात्रेय नाही, मीही नाही. आचार्य विश्वेश्वरभटांचा पुतण्या, ज्याला मधले अध्याय अजून कच्चे आहेत. दत्तात्रेय सभेला आलाच नव्हता. बाहेर घाटावर उभा होता, त्याला मी सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही म्हणालात ना, मग झालं. झालं कसं? काहीच झालं नाही. सगळं होतं तिथंच आहे, फक्त आता मीही बाहेर उभा आहे.

घरी आलो. मृणालिनीला कसं सांगायचं याची जुळवाजुळव वाटभर करत आलो होतो. दारात एक पिशवी भरलेली. त्यात माझं धोतर, पंचा, तांब्या, जपमाळ, आणि वर ही वही ठेवायला मोकळी जागा.

"परवा सकाळी सातला रिक्षा सांगितलीय, बाबा. पांडे डॉक्टरांना मी फोन केलाय."

मी विचारलं, सभेतलं इतक्यात इथवर पोचलं? ती म्हणाली, सभेचं मला काही माहीत नाही. मग आत जाऊन एक कागद घेऊन आली. तुकड्यांबरोबर तिच्याकडे गेलेला तो छापील फॉर्म. नाव दत्तात्रेय टोके आणि सहीखाली ती लांब, शेवटाला वर उडालेली रेघ. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं तीच रेघ मी मारत होतो.

म्हणजे चार डिसेंबरपासून. गादी, दिवा, मिरची, सगळं मागं जाऊन पुन्हा वाचलं. मी तिला भोळी लिहिलंय. तसंच राहू दे, खोडत नाही.

नंतर चहा करताना ती म्हणाली, त्या पेशींत काही सापडलं नाही, पण मी त्या गोठवून ठेवल्यात. दहा वर्षांनी यंत्र येईल तेव्हा कुणीतरी बघेल. मी विचारलं, डबीवर नाव कुणाचं? ती म्हणाली, टोक्यांचंच. तुम्ही बदला म्हणाल तर बदलते.

२० जानेवारी, दवाखान्यातून

सकाळी धुकं इतकं की रिक्षावाला घंटी वाजवत चालला होता. मृणालिनी शेजारी, पिशवी मांडीवर. लहुराबीरला पोचलो तर दवाखान्याच्या पायरीवर मफलर गुंडाळून दत्तात्रेय बसलेला. बोलावलं कुणी, विचारलं नाही. त्यानं एका बाजूनं मला धरलं, तिनं दुसऱ्या बाजूनं.

आत बाकावर बसलो. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. कंबर दुखत होती आणि मला भयंकर भीती वाटत होती, हे लिहायला आता लाज वाटत नाही. उठून पळावंसं वाटत होतं, पण डावा पाय पळायच्या कामाचा राहिलेला नाही.

कंपाउंडरनं दार उघडून हाक मारली, "दत्तात्रेय टोके."

मी काठी टेकून उठलो. माझ्याबरोबर दत्तात्रेयही उठला. सवयीनं उठला असेल, आपलं नाव ऐकून कोण बसून राहील? कंपाउंडर आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघायला लागला. मरीज कौन है, म्हणाला.

दत्तात्रेयानं आपला उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. तीन बोटं, घट्ट.

"मरीज ये हैं," तो म्हणाला. "नाम मेरा है."

कंपाउंडरनं पर्ची मागितली, ते नाव खोडलं आणि माझ्याकडे बघत पेन धरून उभा राहिला. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वेणीमाधव नरहर गर्गे. खाली सही मागितली, ती केली. मृणालिनीनं वाकून रेघ पाहिली.